एकशे ऐंशी घोड्यांचा पलंग

भय्याजी मुलानं आणलेल्या त्या गाडीत एकदाच बसले होते. अड्याळच्या घरापासून बसस्टँडपर्यंत आणि तिथून परत, एवढाच काय तो प्रवास. उतरताना त्यांनी दाराला धरून आधी एक पाय जमिनीवर टेकवला, मग दुसरा, धोतर झटकलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "चंदर, हे गाडी नाही गा. हे पलंग हाय."

चंद्रकुमार गभणे याला अपमानाची सवय नव्हती असं नाही. कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ती करून घ्यावीच लागते. अर्धी मुलं त्याच्या तासाला झोपतात आणि उरलेली अर्धी झोपलेल्यांकडे हेव्यानं पाहतात. पण वर्गातला अपमान घंटा झाली की संपतो. हा घरात राहायला आला. बायको अंजू हसली. शेजारचे टिकाराम हसले. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं "सर, पलंग धुऊन राहिले का?" असं विचारलं, तेव्हा बातमी कुठवर पोचली आहे ते चंद्रकुमारला कळलं.

आता गाडीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. दिसायला ती राखाडी, चार दारांची, एखाद्या बँक मॅनेजरची असावी तशी सालस. पण बॉनेटखाली एकशे ऐंशी घोड्यांची ताकद होती. नागपूरच्या एका डॉक्टरांनी हौसेनं घेतलेली आणि हौस फिटल्यावर विकायला काढलेली ही गाडी चंद्रकुमारनं पन्नाशी ओलांडल्यावर, बायकोला अर्धंच सांगून, घरी आणली होती. एकशे ऐंशी घोडे म्हटल्यावर भय्याजींनी एकदा बॉनेटकडे पाहिलं आणि "अन् चाऱ्याचं काय?" एवढंच विचारलं. पेट्रोलचे भाव पाहता प्रश्न रास्त होता, पण बापानं असं विचारावं का?

त्यातून भय्याजी म्हणजे साधेसुधे बाप नव्हेत. आपल्या उमेदीत ते शंकरपटातले नावाजलेले धुरकरी होते. धान कापून झालं, शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की या भागात गावोगाव पट भरतो. हलक्या छकडीला बैलांची जोडी जुंपायची आणि वाऱ्यासारखी सोडायची. त्या छकडीवर जीव मुठीत धरून जो बसतो तो धुरकरी. भय्याजींच्या जोडीतला एक बैल पतंग्या, कारण पळताना त्याचे पाय भुईला लागतात की नाही याबद्दल चार गावांत वाद होता. दुसरा हवालदार, कारण तो कोणाचंच ऐकत नसे. भय्याजींचं मात्र ऐके.

लहानपणी चंद्रकुमार त्यांच्याबरोबर पटाला जायचा. पहाटेच्या थंडीत खाचरात, म्हणजे बैलगाडीत, धानाच्या तणसाचा जाड थर टाकलेला असायचा, त्यावर घोंगडी, आणि घोंगडीत तो. जोडी मागं बांधलेली, कारण पळणाऱ्या बैलांना ओझं ओढायला लावत नाहीत. खाचराला दुसरे, कामाचे बैल. चाकं खड्ड्यात गेली की अख्खं अंग हादरायचं, दात दातांवर आपटायचे आणि भय्याजी पुढून न पाहताच एक हात मागं करून त्याची मानगूट धरून ठेवायचे. तणसाचा वास, बैलांच्या अंगाची ऊब आणि मानेवरचा तो खरखरीत पंजा. पुढं चंद्रकुमार विमानात बसला, वातानुकूलित डब्यात झोपला, पण तितकं सुरक्षित त्याला कुठंच वाटलं नाही.

पट म्हणजे जिलेबी, पाहुणे, आणि झाडाखाली बसून जमवलेली लग्नं. पण चंद्रकुमारला आठवायचं ते एकच. जोडी पळून आली की भय्याजी खाली उडी मारायचे, पतंग्याच्या पाठीवर थाप मारायचे, हवालदारच्या कपाळाला कपाळ लावायचे आणि म्हणायचे, "शाबास माह्या वाघा!" चंद्रकुमार बाजूलाच उभा असायचा. त्याला ते कधीच शाबास म्हणाले नाहीत. तो एम. ए. झाला तेव्हा "बरं" म्हणाले. नोकरी लागली तेव्हा "कुठं?" म्हणाले. लग्नात म्हणाले, "जेवून घे." शाबासकी बैलांसाठी होती, आणि बैलांनी ती कमावलेली होती हे चंद्रकुमारलाही मान्य होतं. तरी पन्नाशीनंतर एक वेगवान गाडी दारात आणून उभी करावी आणि शेजारी बापाला बसवावं, असं त्याला का वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि बाप म्हणाला, पलंग.

चंद्रकुमारनं अभ्यासाला सुरुवात केली. या गाडीचे गिअर आपोआप पडत. ते कधी टाकायचे हे ठरवणारं जे डोकं कंपनीनं आत बसवलं होतं, ते फार समंजस होतं. पेट्रोल वाचावं, कोणाला हिसका बसू नये, गिअर बदललेला कोणाच्या ध्यानीमनीही येऊ नये, असा त्याचा स्वभाव. चालवणाऱ्यानं पाय दाबला की ते आधी विचारात पडे, मग खात्री करून घेई आणि मग गाडीला उडी मारायची परवानगी देई. तोवर समोरचा ट्रक भंडाऱ्याला पोचलेला असे. थोडक्यात, घोडे एकशे ऐंशी, पण लगाम एका निवृत्त मुख्याध्यापकाच्या हातात. आणि हे डोकं बदलता येतं, असं चंद्रकुमारला इंटरनेटवर कळलं. जुनं सॉफ्टवेअर काढायचं, नवं टाकायचं. त्याला म्हणतात ट्यून.

ते करावं की नाही यावर जगाचे दोन तट होते. "आयुष्य बदललं," असं एकानं लिहिलं होतं. त्याच्याच खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, "गिअरबॉक्स बदलावा लागला." चंद्रकुमारनं दोन्ही मतं निःपक्षपातीपणे वाचली आणि पहिलं पटलं.

"तुम्हीच शिकवता ना," अंजू पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पहिल्या आंब्याची गोडी तिसऱ्याले नसते मनून? मंग हे काय?"

"हा आंबा नाही, अंजू."

"आंबाच हाय. सोलला का कोय निघन, पाहा तुम्ही."

घटत्या उपयोगितेचा सिद्धांत चोवीस वर्षं घरात मोठ्यानं वाचला की असं होतं. बायकोला तो पाठ होतो आणि आपल्याला विसरायला होतो.

टिकारामांचा विरोध तात्त्विक होता. एसटीत ड्रायव्हर म्हणून सारी हयात काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि दुसऱ्याच्या गाडीवर बोलणं हेच त्यांना आता पेन्शनइतकं नियमित मिळणारं सुख होतं. "सर, गिअर हे मानसानं टाकाची चीज हाय," ते कुंपणावर हात ठेवून म्हणाले. "माह्या गाडीचा गिअर टाकाले खांदा लागे. तिसरा पडला का कंडक्टरले कळे, पासिंजरले कळे, रस्त्यानं जानाऱ्या म्हशीले कळे. तुमच्या गाडीत तर ड्रायव्हरलेच पत्ता नाही. अन् आता तिचा मेंदू बदलून राहिले! उद्या ब्रेक म्हनन, थांबा जरा, मी इचार करतो."

चंद्रकुमार डळमळला. प्रकरण तिथंच संपलंही असतं. पण त्याच आठवड्यात करडीहून फोन आला. मधली कितीतरी वर्षं बंद असलेले पट पुन्हा सुरू झाले होते. करडीच्या मंडळींनी यंदा जुन्या धुरकऱ्यांचा सत्कार करायचं ठरवलं होतं, आणि त्यात भय्याजींचं नाव होतं.

भय्याजींनी फोन ठेवला, बराच वेळ अंगणात फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "जातो. एसटीनं जाइन."

"एसटीनं काहून, बाबा? गाडी आहे ना घरी!"

"त्या पलंगावर?" भय्याजी म्हणाले. "पटावर जाऊन राहिलो ना मी, का दवाखान्यात? लोक म्हनतीन, भय्याजीले निजवून आनला, हळू उतरवा."

चंद्रकुमारच्या काळजाला घरं पडली. त्याच रात्री त्यानं निश्चय केला. भय्याजी करडीला जातील तर आपल्याच गाडीतून, आणि उतरतील तेव्हा धुरकऱ्यासारखे उतरतील.

आता चंद्रकुमार हा कायदा पाळणारा माणूस. हेल्मेट घालून तो सायकल चालवतो. गाडीत काही बदल करायचा तर परवानगी लागते, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून रजा टाकून तो संबंधित कार्यालयात गेला. खिडकीमागच्या बाई प्रेमळ होत्या.

"रंग बदलला का?"

"नाही."

"इंजिन? सीएनजी? टप कापला?"

"तसं काही नाही. गाडी गिअर टाकायच्या आधी जो विचार करते ना, तो बदलायचा आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आतल्या साहेबांना विचारून आल्या. येताना आणखी दोघं त्यांच्याबरोबर आले, ते नुसतेच पाहायला. "सर," बाई म्हणाल्या, "गाडीचे विचार बदलाचा अर्ज आपल्याकडे नाही. तुम्ही रंग बदलता का? तो आजच करून देतो." चंद्रकुमार नको म्हणाला तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. विमा कंपनीच्या फोनवर अर्धा तास सनई वाजली आणि मग एका मुलीनं "आपल्याला आनंदी ठेवण्यात आम्हाला आनंद आहे" असं सांगून फोन ठेवला. होकार नाही, पण नकारही नाही. सरकारी देशात माणूस याहून जास्त कशाची वाट पाहणार?

नागपूरला एका गल्लीत पिंटूचं दुकान होतं. पिंटू चाळिशीचा, पोट सुटलेला आणि अतिशय आशावादी. त्यानं गाडीच्या पोटात एक वायर खुपसली, दुसरं टोक लॅपटॉपला लावलं आणि चहा मागवला. चंद्रकुमारला वाटलं होतं, काहीतरी उघडतील, ठोकतील, निदान हात तरी काळे होतील. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि पिंटूनं बिस्कीट खाल्लं. झालं.

"बस?" चंद्रकुमारनं विचारलं.

"बस मंजे? सर, आता हे गाडी तुम्ही पाहून घ्या कशी लपकते! पाय लावला का गेली! फक्त एक ध्यानात ठेवा. नवा मेंदू हाय, लहान लेकरासारखा. तो तुमचा पाय शिकते. पहिले काही दिवस रोज चालवा, मस्त मोकळी चालवा. जशी चालवाल तशी शिकन."

चंद्रकुमार मोठ्या उत्साहात निघाला. महामार्गावर पुढं-मागं ट्रक होते म्हणून त्यानं दम धरला. भंडारा सोडल्यावर पाहू म्हणाला. भंडारा सोडलं आणि अड्याळच्या रस्त्याला एका वळणावर धानाच्या पोत्यांनी लादलेला ट्रॅक्टर आडवा आला. त्याची ट्रॉली डुलत होती, पोती रस्त्याच्या दोन्ही कडांवर हक्क सांगत होती, आणि ड्रायव्हर मोबाइलवर भजनं ऐकत होता. घरापर्यंत तोच पुढं. नव्या मेंदूनं पहिल्याच दिवशी जे काही शिकायचं ते ट्रॅक्टरच्या मागं शिकून घेतलं.

घरी ओटा भरलेला होता. टिकाराम होते, भिंतीपलीकडच्या आनंदाबाई होत्या, आणि मेंदू बदललेली गाडी कशी दिसते ते पाहायला आलेले आणखी लोक होते. तशीच दिसते हे पाहून सगळ्यांचा विरस झाला. एवढ्यात भय्याजी उठले. काठी टेकत गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली, टायरवर हात ठेवला.

"मेंदू बदलला म्हनते?"

"हो, बाबा."

"पळन?"

"पळेल."

"पटाले न्याची हाय?"

"हो."

"मंग उद्यापासून बाहेर नोको काढू," भय्याजी म्हणाले. "पटाच्या जोडीले पटाच्या आंधी कोनी कामाले जुपते काय? तू हिच्यावर बसून कॉलेजात जाशीन, तांदूळ आनशीन, बायकोले बाजारात नेशीन. मंग पटावर काय पळन ते? आराम पाहिजे. खुंट्यावर ठेव."

चंद्रकुमारनं तोंड उघडलं. पिंटूनं रोज चालवायला सांगितलं आहे, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण भय्याजींनी त्या गाडीबद्दल पहिल्यांदाच जोडी हा शब्द वापरला होता. पलंगावरून जोडीपर्यंतचा प्रवास सॉफ्टवेअरनं उभ्या उभ्या केला होता. अशा वेळी कोणता मुलगा तांत्रिक मुद्दे काढील? "बरं," तो म्हणाला. टिकारामांनीही मान डोलावली. "बराबर हाय. आमच्या डेपोत बी नवी गाडी आली का साहेब तिले आठ दिवस कोनाले हात लावू देत नसे."

गाडी गोठ्यात गेली. गोठा तसा रिकामाच होता. भय्याजींनी तो स्वतः झाडून घेतला, चाकांखाली तणस पसरलं, बॉनेटवर जुनी झूल टाकली. आनंदाबाईंनी समोरच्या काचेला काळा दोरा बांधला आणि दोन दिव्यांच्या मधोमध कुंकू लावलं. चंद्रकुमार एसटीनं कॉलेजात जाऊ लागला. "सर, गाडी कुठं?" असं कोणी विचारलं की तो "आराम करते आहे" म्हणायचा, आणि लोक अधिक काही विचारायचे नाहीत. पिंटूचा फोन आला की उचलायचा नाही.

पटाची सकाळ उजाडली. भय्याजींनी कोरं धोतर नेसलं, गुलाबी फेटा बांधला, मिश्यांना तेल लावलं. आळीतली सगळी मंडळी निरोप द्यायला जमली. चंद्रकुमारनं झूल काढली, आत बसला, बटण दाबलं.

गाडी गप्प.

पुन्हा दाबलं. समोरच्या पडद्यावर एक दिवा लुकलुकला आणि डोळा मिटावा तसा मिटला.

"म्हनलं होतं ना मी," टिकाराम सर्वांना उद्देशून म्हणाले. "इचार करून राहिली."

बॅटरी उतरली होती. पण नुसती उभी राहून इतकी कशी उतरली, हे चंद्रकुमारला समजेना. तो तसं पुटपुटला तेव्हा अंजू पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "बाबा बसतेत ना त्याच्यात."

"कधी?"

"रोज दिवेलागणीले. दार उघडं ठेवून, आतला दिवा लावून. मी म्हनलं, बसू द्या."

सगळ्यांनी भय्याजींकडे पाहिलं. भय्याजींनी फेट्याचं टोक सारखं केलं. "जोडीपाशी बसा लागते," ते म्हणाले. "एकटी ठेवली का भेते."

ज्या गाडीला पलंग म्हणून हिणवलं होतं, तिच्यात हा म्हातारा रोज संध्याकाळी एकटा जाऊन बसत होता! चंद्रकुमारला राग यावा की रडू यावं हे ठरेपर्यंत टिकारामांनी सूत्रं हाती घेतली होती. "धक्का मारा! आत बसा, भय्याजी, तुम्ही आत बसा. सर, तुम्ही स्टेरिंग धरा. हां, लावा जोर!"

आणि अख्खी आळी गाडीला भिडली. गाडी गोठ्यातून निघाली, देवळावरून गेली, बाजारातून गेली. आठवडी बाजार होता. वांगी विकणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. आत मागच्या सीटवर गुलाबी फेटा घातलेले भय्याजी दोन्ही बाजूंना हात जोडत होते, आणि लोक निवडणूक कधी लागली असं एकमेकांना विचारत होते. गावाच्या टोकाला पोचल्यावर चंद्रकुमारला आठवलं की आपोआप गिअर पडणारी गाडी धक्क्यानं सुरू होतच नाही. हे त्यानं काच खाली करून सांगितलं. त्यानंतर घाम पुसणाऱ्या सतरा-अठरा लोकांच्या चेहऱ्यावर जे भाव होते, ते पाहून त्यानं काच पुन्हा वर केली.

शेवटी रस्त्यानं जाणाऱ्या एका ट्रॅक्टरला थांबवून त्याच्या बॅटरीला वायरी लावल्या, तेव्हा एकशे ऐंशी घोडे खडबडून जागे झाले.

खरी मजा पुढंच होती. नव्या मेंदूला काहीच शिकवलेलं नव्हतं. जेवढं शिकवलं होतं ते ट्रॅक्टरच्या मागं, आणि बॅटरी बसल्यावर तेही तो विसरला असावा. रस्त्यावर तर दर गावाला गतिरोधक. पाय हलका ठेवला की गाडी अडायची, किंचित लावला की उसळायची. गिअर पडला की हिसका, सुटला की हिसका. भय्याजी आता पुढं, शेजारी बसले होते, त्यांचा फेटा दर हिसक्याला नमस्कार करत होता. चंद्रकुमारचे कान तापले. त्याला इंटरनेटवरचे ते दोन्ही तट आठवले, आणि दुसऱ्या तटाचं म्हणणं आता फारच विचारपूर्वक मांडलेलं वाटू लागलं. भय्याजी समोर रस्त्याकडे पाहत होते, दोन्ही हात मांडीवर, मुठी वळलेल्या.

वैनगंगेचा पूल ओलांडला, गावं मागं पडली आणि बांध्यांमधून जाणारा सरळ, मोकळा रस्ता लागला. पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही.

"हाय तिच्यात काही," भय्याजी न वळता म्हणाले, "का नुसती उड्या मारते?"

चंद्रकुमारनं पाय दाबला.

या वेळी गाडीनं विचार केला नाही. पाठ सीटला चिकटली, एक गिअर पडला, ताडकन दुसरा पडला, बांध्या दोन्ही बाजूंनी मागं पळू लागल्या. आणि शेजारून आवाज आला. "हाऽऽ रे हाऽऽ! चल! चल माह्या वाघा! हान!" भय्याजी पुढं झुकले होते, मुठी उघडल्या होत्या, बोटांत नसलेले कासरे धरलेले होते. तो आवाज चंद्रकुमारनं चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. तो ऐकताच त्याचे डोळे भरून आले, रस्ता दिसेनासा झाला, आणि म्हणूनच, दुसऱ्या कोणत्याही कारणानं नव्हे, त्यानं पाय काढला.

करडीला भय्याजी गाडीतून उतरले ते काठी आतच विसरून. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. माइकवाल्यानं कोणीतरी सांगितलेलं ऐकून पुकारलं, "अड्याळचे धुरकरी भय्याजी गभने आज आपल्या नव्या जोडीसंगं आले हायेत!" लोक गाडीभोवती गोळा झाले. मेंदू बदललेल्या गाडीची बातमी नदीच्या या काठालाही येऊन पोचली होती. एक जण म्हणाला, "भय्याजी, होऊन जाऊ द्या! उतरवा पटावर. आमच्या जोडीसंगं एक फेरी!" टाळ्या पडल्या. चंद्रकुमारच्याही अंगात क्षणभर वीरश्री संचारली, त्यानं किल्ली काढली.

"नाही," भय्याजी म्हणाले आणि बॉनेटवर हात ठेवून गाडीच्या पुढं उभे राहिले. "आत्ताच दौडून आली. आंग गरम हाय तिचं. आमची जोडी आम्ही अशी कोनाच्या म्हनन्यावर नाही पळवत."

लोकांनी मान डोलावली. यातलं शास्त्र तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर उन्हं कलली होती. भय्याजींनी काच खाली करायला लावली आणि गाडी हळू घ्यायला सांगितली. हळू घेतली की हिसके आलेच. दर हिसक्याला चंद्रकुमार ओठ चावी आणि भय्याजी आपले बोलत राहत. पतंग्या लहानपणी कसा आडमुठा होता, हवालदारनं एकदा खऱ्या हवालदाराला कसं नाल्यात ढकललं, चंदरची आई पटाला यायची तेव्हा सगळ्यांच्या नजरा चुकवून त्यांच्याकडे कशी पाहायची. हे सारं ते इतकं सलग कधीच बोलले नव्हते. घरात बसून बोलणं त्यांना जमत नसे.

मध्येच पिंटूचा फोन आला. गाडीतल्या स्पीकरवर त्याचा आवाज दणाणला. "सर! किती दिवस झाले, फोन नाही उचलून राहिले! सांगा, फरक पडला का नाही?"

"फरक आहे," चंद्रकुमार म्हणाला, "पण हिसके फार देते. खाचरात बसल्यासारखं वाटतं."

"तुम्ही चालवली नसन! काही टेन्शन नाही. रविवारी आना. अर्ध्या घंट्यात असी मऊ करून देतो का लोनी!"

"काय म्हनते तो?" भय्याजींनी विचारलं.

"हिसके काढून देतो म्हणतो."

"कायले?" भय्याजी एकदम तडकले. ते स्पीकरकडे वाकले आणि ओरडले, "ए बाबू! हात नोको लावू! आता कुठं गाडीत बसल्यावानी वाटून राहिलं!"

पिंटूनं फोन ठेवला. पुढं एक खड्डा आला, गाडी अडली, उसळली, आणि चंद्रकुमारच्या मानेवर काहीतरी खरखरीत टेकलं. भय्याजी समोर रस्त्याकडे पाहत होते. हात त्यांनी बराच वेळ तिथून काढला नाही. चंद्रकुमारनं तो रस्ता जितक्या हळू कापता येईल तितक्या हळू कापला. एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं, आणि वळून कीव केल्यासारखं पाहिलंही.

घरी दिवे लागले होते. ओट्यावर सगळे वाटच पाहत होते.

"मंग सर?" टिकारामांनी विचारलं. "मेंदू बदलून काही फायदा?"

चंद्रकुमार उत्तराची जुळवाजुळव करू लागला. एका बाजूनं पाहता आहे, दुसऱ्या बाजूनं पाहता नाही, असं काहीसं तो म्हणणार होता, कारण त्याचं शिक्षणच तसं झालं होतं. तेवढ्यात भय्याजी गाडीतून उतरले. शाल त्यांनी अंजूच्या हातात दिली, पायऱ्या चढले आणि दाराशी थांबून, मागं न पाहता म्हणाले, "चंदर, उद्या आसगावले जाऊ."

"आसगावला? काय काम आहे, बाबा?"

"काम कायले पाहिजे?" भय्याजी म्हणाले. "तू चालव. मी बसतो."